विश्लेषण : ५०० रुपयांच्या कमाईवर कर का नको? कोल्हापुरात शिकलेल्या गोखल्यांचा प्राप्तिकराचा हिशेब

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायला बसले की दोन प्रश्न समोर येतात. आपला फॉर्म कोणता आणि आपले उत्पन्न मुळात करपात्र आहे का? यातला दुसरा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात आकडेवारीसह मांडणाऱ्यांत एक मराठी प्राध्यापक होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचे शालेय शिक्षण कागल आणि कोल्हापूरला झाले. वर्षाला ५०० रुपये मिळवणाऱ्याला प्राप्तिकरातून सोडा, मर्यादा १,००० रुपये करा, अशी मागणी त्यांनी १९०२ मध्ये केली. पुढच्याच वर्षी ती मान्य झाली. ही मागणी कुठून आली, त्यामागे कोणता हिशेब होता आणि आजच्या फॉर्मशी त्याचा काय संबंध, याविषयी...

गोखल्यांचे कोल्हापूरशी नाते काय?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव नोकरीनिमित्त कागलला आले. कागल ही कोल्हापूर संस्थानातली जहागीर. तिथे ते आधी कारकून होते, पुढे पोलीस खात्यात गेले. गोपाळचे सुरुवातीचे शिक्षण कागलला झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी थोरले भाऊ गोविंदराव यांच्यासोबत तो कोल्हापूरला आला.

१८७९ मध्ये वडील वारले. गोपाळ तेव्हा १३ वर्षांचा होता. घर चालवायचे तर दोघांपैकी एकाने शिक्षण सोडणे भाग होते. गोविंदरावांनी ते सोडले आणि संस्थानात दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठी देत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. या पैशांवर गोपाळ हाताने स्वयंपाक करून, दिव्याच्या तेलातही काटकसर करून शिकला. मित्राने नाटकाला नेले आणि नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले, तेव्हा ते भरून काढण्यासाठी त्याने रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

१८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. त्यानंतर नुकतेच सुरू झालेले कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये पदवी मिळाली. एल्फिन्स्टनमध्ये दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे भावावरचा भार थोडा हलका झाला. महिन्याला १५ रुपये म्हणजे वर्षाला १८० रुपये. एवढ्यात एक घर आणि एक विद्यार्थी कसा तगतो, हे गोखल्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

तेव्हाचा प्राप्तिकर कसा होता?

हिंदुस्थानात प्राप्तिकर पहिल्यांदा आला तो १८६० मध्ये. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. त्या वर्षी २४ जुलैला तो लागू झाला, म्हणून आजही हा दिवस प्राप्तिकर दिन म्हणून पाळला जातो. तो कर पाच वर्षांनी बंद झाला. मग कधी परवाना कर, कधी पुन्हा प्राप्तिकर असे प्रयोग चालू राहिले. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाची लढाई आणि वायव्य सरहद्दीवर रशियाची भीती, त्यात रुपयाची घसरण, यामुळे सरकारला पैसा हवा होता. त्यातून १८८६ चा प्राप्तिकर कायदा आला आणि हा कर कायमचा झाला.

या कायद्याने उत्पन्नाचे चार भाग पाडले होते. पहिला पगार आणि पेन्शन, दुसरा कंपन्यांचा नफा, तिसरा कर्जरोख्यांवरचे व्याज आणि चौथा बाकी सर्व उत्पन्न. दुकानदार, सावकार, वकील, घरमालक हे सारे चौथ्या भागात येत. शेतीचे उत्पन्न करातून वगळले होते, कारण शेतकरी आधीच सारा भरत होता. वर्षाला ५०० रुपयांपेक्षा कमी कमाई असणाऱ्याला कर नव्हता. पगार वर्षाला २,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर रुपयामागे ४ पै, त्याहून अधिक असेल तर रुपयामागे ५ पै, असा दर होता. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. हिशेबाने हा दर साधारण दोन ते अडीच टक्के पडे.

दर वरकरणी किरकोळ वाटतो. अडचण होती ती उत्पन्न ठरवण्याच्या पद्धतीत. सरकारी नोकराचा कर पगारातूनच कापला जाई, त्यामुळे तिथे वादाला जागा नव्हती. लहान दुकानदाराकडे मात्र हिशेबाच्या वह्या क्वचितच असत. कलेक्टर कचेरी त्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधी, तशी यादी तयार होई आणि ज्याला आकडा चुकीचा वाटेल त्याने मुदतीत अर्ज करायचा. ५०० ते ७५० रुपये उत्पन्न धरले गेले तर वर्षाला १० रुपये, ७५० ते १,००० धरले गेले तर १५ रुपये असा ठोक कर होता. खरी कमाई ४५० असली तरी कचेरीने ५०० धरली की १० रुपये भरा, नाहीतर दुकान बंद ठेवून कचेरीत खेटे घाला, असा तो मामला होता. सर्वाधिक गाऱ्हाणी याच थरातून येत.

कोल्हापूर हे संस्थान असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा तिथे लागू नव्हता. पुण्यात तो लागू होता आणि १८८५ पासून गोखले पुण्यात होते.

प्राध्यापक गोखल्यांच्या पगारावर किती कर?

पदवीनंतर गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक झाले. वर्षाचे ४२० रुपये, म्हणजे करमर्यादेच्या आत. पुढे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, असा तो करार होता. फर्ग्युसन कॉलेजात ते इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत. पगार दरमहा ७५ रुपये.

या पगाराचे वर्षाला ९०० रुपये होतात. रुपयामागे ४ पै या दराने त्यावर १८ रुपये १२ आणे कर येतो. म्हणजे बरोबर पाव महिन्याचा पगार. गोखल्यांना अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाचेही उत्पन्न होते. ते पुस्तक देशभरातल्या शाळांत चालले. अनेक सहकाऱ्यांना असा दुसरा आधार नव्हता. शाळामास्तर, पोस्टातला कारकून, लहान व्यापारी असा ५०० ते १,००० रुपयांमधला मोठा वर्ग या कराच्या कक्षेत होता आणि गोखले त्याच वर्गात वावरत होते.

आकड्यांचे शिक्षण कोणी दिले?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्या सहवासात आले. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, निळी पुस्तके वाचायची, त्यांचा सारांश काढायचा, प्रत्येक आकड्याला पुरावा शोधायचा, अशी ही शिकवणी रानड्यांचे १९०१ मध्ये निधन होईपर्यंत चालली. याच काळात गोखल्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन केले आणि आगरकरांच्या सुधारकातील इंग्रजी मजकूर सांभाळला. सरकारी शाळांत शिक्षक असलेले अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशी हे त्यांचे दुसरे मार्गदर्शक. अंदाजपत्रकावरच्या भाषणांसाठी लागणारी टिपणे आणि कोष्टके गोखले जोशींकडून तपासून घेत.

या तयारीची पहिली मोठी परीक्षा एप्रिल १८९७ मध्ये लंडनला झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. वय होते ३० वर्षे. लष्करावरचा खर्च, इंग्लंडला दरवर्षी पाठवावी लागणारी रक्कम आणि खर्चावर हिंदी लोकांचे कसलेच नियंत्रण नसणे, हे त्यांचे मुद्दे होते. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. फिरोजशहा मेहतांनी केंद्रीय कायदे कौन्सिलातली जागा सोडल्यावर मुंबई इलाख्यातर्फे गोखले तिथे निवडून आले. सभासदांना तेव्हा अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. बदल घडवायचा तर सरकारला आकड्यांनीच अडवायचे, एवढाच मार्ग होता.

१९०२ च्या भाषणात नेमके काय होते?

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होते आणि सर एडवर्ड लॉ अर्थखाते सांभाळत होते. तिजोरीत सलग काही वर्षे शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण मानत होते. त्याच वर्षांत देशात भीषण दुष्काळ आणि प्लेग होता. लोक हलाखीत आणि तिजोरी भरलेली, हे कसे, असा गोखल्यांचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर त्यांनी रुपयाच्या भावात शोधले. सरकारला इंग्लंडमध्ये दरवर्षी पौंडात मोठी रक्कम द्यावी लागे. रुपया घसरत गेला तसे तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये लागू लागले. ती तूट भरण्यासाठी १८८६ मध्ये प्राप्तिकर आला आणि १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्यावर रुपया पुढे सावरला आणि १६ पेन्सवर स्थिरावला. पौंडाची देणी भागवायला आता कमी रुपये लागत होते, पण कर मात्र जुन्याच चढ्या दराने चालू होते. शिल्लक त्यातून येत होती. लोकांची कमाई वाढल्याचे ते लक्षण नव्हते, गरजेपेक्षा जास्त वसुली होत असल्याचे होते.

यावरून मागण्या आपोआप निघाल्या. मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांनी कमी करा. प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० रुपये करा. देशी गिरण्यांच्या कापडावरचा कर रद्द करा. क्रमही महत्त्वाचा होता. मीठ प्रत्येक घरात लागते आणि त्यावरचा कर मजुरालाही चुकत नाही, म्हणून ते आधी. प्राप्तिकर हा करच नको, असे गोखल्यांचे म्हणणे नव्हते. ज्याची ऐपत आहे त्याने तो द्यावा, पण ज्याचा संसारच जेमतेम चालतो त्याला त्या यादीत ओढू नये, एवढा त्यांचा आग्रह होता.

पुढे काय झाले?

मार्च १९०३ च्या अंदाजपत्रकात मिठावरचा कर अडीचवरून २ रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपये झाली. वर्षाला ९०० रुपये मिळवणारा प्राध्यापक, ७०० रुपये मिळवणारा कारकून, ६०० रुपयांचा अंदाज सोसणारा दुकानदार असे सगळे एका फटक्यात करयादीतून बाहेर पडले. करदात्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. तिजोरीचे नुकसान त्या मानाने थोडे होते, कारण एवढ्या माणसांकडून मिळणारा कर मुळात थोडाच होता. गोखल्यांनी कौन्सिलात या सवलतीचे स्वागत केले आणि लगेच पुढची मागणी ठेवली. मिठावरचा कर १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला.

या यशाला मर्यादाही होत्या. प्राप्तिकराच्या सवलतीचा फायदा शहरातल्या मध्यमवर्गाला झाला. खेड्यातला शेतकरी प्राप्तिकर भरतच नव्हता. त्याच्यावरचा शेतसाऱ्याचा भार तसाच राहिला आणि लष्करी खर्चही आटोक्यात आला नाही. शिल्लक रकमेतून शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करा, हे गोखल्यांचे मागणे वर्षानुवर्षे अपुरेच पूर्ण झाले.

कराचा पैसा शाळेकडे वळवण्याचा प्रयत्न कोणता?

१९०५ हे वर्ष गोखल्यांच्या आयुष्यात मोठे ठरले. जूनमध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि वर्षअखेर बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कौन्सिलात मांडले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, त्यासाठी शिक्षण कर बसवण्याची मुभा त्यांना असावी, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी ती योजना होती. दरमहा १० रुपयांपेक्षा अधिक मिळकत नसलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, असेही त्यात होते. कर बसवतानाही गरिबासाठी एक रेषा आखायची, ही जुनी पद्धत इथेही दिसते.

मार्च १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, ज्या संस्थानात गोखले शिकले त्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ते पाहायला गोखले हयात नव्हते.

माणशी तीन पौंडांचा कर कोणता?

गोखल्यांची कराविरुद्धची शेवटची मोठी लढाई दक्षिण आफ्रिकेतली. नाताळमध्ये मुदतीच्या करारावर नेलेले हिंदी मजूर करार संपल्यावर तिथेच राहिले, तर त्यांना वर्षाला माणशी ३ पौंड कर द्यावा लागे. तो बायकांवर आणि मोठ्या मुलामुलींवरही होता. त्या वेळच्या भावाने ३ पौंड म्हणजे ४५ रुपये. चार माणसांच्या घराला १८० रुपये. कमाई किती, हे न पाहता डोक्यावर बसवलेला हा कर होता.

१९१२ च्या अखेरीस गोखले तिथे गेले, बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटले. कर जाईल, अशी त्यांची समजूत झाली. पुढे तिथल्या सरकारने असे आश्वासन दिल्याचे नाकारले. १९१३ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली मजुरांचा संप आणि मोर्चा झाला. गोखल्यांनी आजारी असतानाही त्यासाठी हिंदुस्थानात निधी उभा केला. १९१४ मध्ये हा कर रद्द झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.

आजच्या फॉर्ममध्ये हे कुठे दिसते?

प्राप्तिकराची मर्यादा १९१९ मध्ये २,००० रुपये झाली. नंतर १९२२ आणि १९६१ चे कायदे आले आणि २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. १८८६ च्या चार भागांच्या जागी आज उत्पन्नाचे पाच गट आहेत : पगार, घर, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर. किती कमावले याच्याइतकेच कुठून कमावले यावर फॉर्म ठरतो, हे सूत्र मात्र तेच आहे.

- आयटीआर-१ म्हणजे सहज : ५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीसाठी. पगार किंवा पेन्शन, घर, ठेवींचे व्याज. शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच असावे.
- आयटीआर-२ : धंदा नाही, पण जमीन, सोने, शेअर यांच्या विक्रीतून भांडवली नफा आहे किंवा शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आहे, अशांसाठी. शेअरवरचा ठरावीक मर्यादेतला दीर्घकालीन नफा अलीकडे सहजमध्येही दाखवता येतो.
- आयटीआर-३ : हिशेबाच्या वह्या ठेवून धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्यांसाठी.
- आयटीआर-४ म्हणजे सुगम : उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा मानून कर भरणारे लहान दुकानदार आणि व्यावसायिक यांच्यासाठी. पूर्वी कलेक्टर जो अंदाज बांधी, तो इथे कायद्यानेच ठरवून दिला आहे.

कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात दोन गोष्टींत हमखास गल्लत होते. नोकरदाराच्या घरी ऊस असेल तर ते उत्पन्न करमुक्त असले तरी फॉर्ममध्ये दाखवावे लागते आणि ५,००० रुपयांच्या वर गेले की सहज चालत नाही. दुसरे म्हणजे, दुधाचे उत्पन्न प्राप्तिकराच्या दृष्टीने शेती उत्पन्न धरले जात नाही.

करमुक्तीची रेषा आणि विवरणपत्राची रेषा या आता वेगळ्या आहेत. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजार पडते. मात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते, कारण ती सवलत त्यातूनच घ्यायची असते. भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती लागूही होत नाही. फॉर्मच्या अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षाच्या सूचना पाहून, फॉर्म १६ आणि वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस यांतले आकडे जुळवूनच विवरणपत्र दाखल करावे. आकडा चुकीचा लागला तर तो दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी १८८६ मध्ये करदात्याचीच होती. आजही ती त्याचीच आहे.